साडेआठचा फोन

वही दोनशे पानी, रेघांची. पहिल्या काही पानांवर दूधवाल्याचा हिशेब आहे, मग गणपतीच्या सामानाची अर्धवट राहिलेली यादी. त्यानंतर अक्षर एकदम बारीक होतं. ‘9 ऑगस्ट. रात्री 8.32. चाचा. स्थिर. ताप 101. डोळे उघडले नाहीत. झोपेचं औषध चालू.’ दुसऱ्या दिवशी : ‘8.30. चाचा. स्थिर. ताप नाही. लघवी बरोबर.’ तिसऱ्या दिवशी नुसतंच ‘स्थिर’, आणि त्या शब्दाखाली पेनानं दोनदा ओढलेली रेघ.

ही वही माझ्या वहिनीची. 2016 सालच्या ऑगस्टमध्ये माझा मावसभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, सौदी अरेबियातल्या जुबैलला एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होता आणि वहिनी चिपळूणजवळच्या घरात, पडवीतल्या टेलिफोनशेजारी. मध्ये अरबी समुद्र आणि घड्याळातले अडीच तास. दादा जुबैलच्या कारखान्यांत पाइपफिटर म्हणून गेला आणि फोरमन झाला. आखातातल्या इतर कोकण्यांसारखाच तोही दर दीड-दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचा आणि त्यात एका लग्नाचं, एका छपराचं काम उरकून परत जायचा.

त्या गुरुवारी, 4 तारखेला, ड्युटी संपवून कॅम्पवर आल्यावर तो न्हाणीघरात पडला. मेंदूत रक्तस्राव. कोणाला तरी कळवायचं म्हणून त्याच्या रूमपार्टनरनं पहिला फोन केला तो जुबैलमधल्याच एका चिपळूणकराला. त्यानं दम्माममधल्या मित्राला केला, मित्रानं चिपळुणातल्या आपल्या भावाला, आणि भाऊ रात्री साडेदहाला पावसात छत्री घेऊन वहिनीच्या दारात. तोपर्यंत रक्तस्रावाची चक्कर झाली होती. ‘दादांना जरा चक्कर आलीय, ॲडमिट केलंय, काळजीचं कारण नाही.’ तासाभरानं दुसऱ्या गावातून फोन आला, त्यात ‘प्रेशर वाढलंय’ होतं. पहाटे तिसऱ्यानं विचारलं, ‘बॉडी कधी आणणार?’

मला वाटतं, त्या रात्री कुणीच खोटं बोलत नव्हतं. एकेकानं ऐकलेल्यातलं त्याला पेलेल तेवढं पुढं दिलं, इतकंच.

दुसरा दिवस शुक्रवार. सौदीत साप्ताहिक सुट्टी पूर्वी गुरुवार-शुक्रवार असे. जून 2013 पासून ती शुक्रवार-शनिवार झाली. म्हणजे कंपनीचा मंदूब, इकाम्यापासून, म्हणजे तिथल्या वास्तव्याच्या परवान्यापासून, इस्पितळापर्यंत कामगारांची कागदपत्रं फिरवणारा माणूस, दोन दिवस फोन उचलणार नव्हता. तो रविवारी हाताशी आला तेव्हा आपल्याकडची कचेरी बंद. आखातात माणूस आजारी पडला की घरच्यांना ही दोन पंचांगं एकदम पाळावी लागतात.

आणि तो आठवडा कोकणासाठी कसला होता, तेही सांगायला हवं. 2 ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला होता. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं त्यात गेली. नातेवाईक दिवसचे दिवस नदीकाठी उभे होते, आणि सगळ्या वाहिन्यांवर तोच काठ दिसत होता. दादाचा रूमपार्टनर महाडकडचा. साठीकडे झुकलेला, कॅम्पमध्ये सगळे त्याला चाचा म्हणत. तो तिकडून महाडला फोन लावून ‘आपल्यातलं कोणी होतं का’ विचारत होता, आणि वहिनी इकडून त्याला ‘आमचं माणूस आहे का’ विचारत होती. मुंबईहून मी निघालो तो महामार्ग बंद म्हणून कोकण रेल्वेनं.

चिपळूणला पोचल्यावर मी एकच शहाणपणाचं काम केलं, आणि तेही माझं नव्हे. मुंबईच्या एका अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टर मैत्रिणीनं गाडीत बसण्यापूर्वी फोनवर बजावलं होतं : ‘बातमी एकाच तोंडानं येऊ दे, एकाच कानानं ऐका, आणि वेळ ठरवा. बातमी नसली तरी त्या वेळेला फोन झालाच पाहिजे.’ तोंड चाचाचं ठरलं. कान वहिनीचा. वेळ साडेआठ, म्हणजे तिकडचे सहा. चाचा ड्युटीवरून सुटून भेटीच्या वेळेत पोचायचा आणि बाहेर येऊन फोन लावायचा. बाकी सगळ्यांना, म्हणजे दम्मामच्या मित्रापासून माझ्या पुण्याच्या आत्यापर्यंत, पावणेनऊनंतर वहिनीचा एक संदेश जाईल. त्याआधी कोणी फोन करायचा नाही. आत्या अजून त्यावरून अबोला धरून आहे.

अमेरिकेत नॅन्सी मोल्टर या परिचारिका-संशोधिकेनं 1979 मध्ये अत्यवस्थ रुग्णांच्या चाळीस नातेवाइकांना पंचेचाळीस गरजांची यादी दाखवून विचारलं होतं, यातलं तुम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं काय वाटतं. आशा आहे असं वाटणं हे सगळ्यांत वर आलं. प्रश्नांना प्रामाणिक उत्तरं मिळणं, तब्येतीत बदल झाला तर घरी फोन येणं, हेही वरच्याच बाजूला. बसायला नीट खुर्ची वगैरे बरंच खाली. पुढं त्यावरून एक प्रश्नावलीच तयार झाली आणि ती अनेक देशांत वापरली गेली. सौदीतही अब्बास अल-मुतैर यांनी अतिदक्षता विभागांतल्या रुग्णांच्या कुटुंबीयांचा अभ्यास केला, तेव्हा धीर आणि माहिती यांची गरज तिथंही ठळकपणे आली, आणि जोडीला श्रद्धेशी निगडित गरजा : उशाशी कुराणपठण, प्रार्थना. हे सगळे अभ्यास रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांचे. पडवीत बसलेल्यांना कोणी प्रश्नावली दिलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता ‘स्थिर’बद्दल. मराठीत प्रकृती स्थिर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पाणी निवळल्यासारखं काहीतरी येतं. धोका टळला, असं आपण ऐकतो. अतिदक्षता विभागात स्थिर म्हणजे कालच्यापेक्षा वेगळं काही नाही, रक्तदाब औषधाच्या जोरावर का होईना ठरलेल्या रेघेत आहे. व्हेंटिलेटरवरचा, शुद्ध हरपलेला माणूस पूर्णपणे स्थिर असू शकतो. तिथल्या इजिप्शियन डॉक्टरानं चाचाला ‘मुस्तकिर्र’ म्हणून सांगितलं, चाचानं ‘स्टेबल’ केलं, वहिनीनं ‘स्थिर’ लिहिलं आणि पावणेनऊच्या संदेशानंतर पुण्यात पेढे वाटायची भाषा सुरू झाली. शेवटी मी वहिनीला म्हटलं, ‘स्थिर’ लिहायचं नाही, ‘कालसारखंच’ लिहायचं. तिनं ते केलं नाही. रेघ मारली ती तेव्हाची.

दुसरा घोटाळा आकड्याचा. पाचव्या दिवशी चाचानं सांगितलं, ‘डॉक्टर बोलला, जीसीएस सहा आहे.’ घरात आनंद. दहापैकी सहा म्हणजे फर्स्ट क्लास! ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी 1974 मध्ये ही मोजपट्टी बनवली. डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे गुण त्यात मिळवतात. एकूण पंधरा. पण खालचं टोक शून्य नाही, तीन आहे. निपचित पडलेल्याला, काहीही प्रतिसाद न देणाऱ्यालाही तीन मिळतात. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. घशात नळी असली तर बोलण्याचे गुण मोजताच येत नाहीत. त्यात झोपेचं औषध चालू असेल तर आकडा आणखी फसवा. हे मला मैत्रिणीनं फोनवर समजावलं आणि मी वहिनीला समजावलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मग कालपर्यंत मला कोणी हे सांगितलं का नाही?’ कालपर्यंत आम्हालाही ठाऊक नव्हतं, हे खरं उत्तर. पण तिला सहाचा आनंद होऊ देणाऱ्यांत मीही होतो.

तिसरी अडचण भाषेची म्हणावी की भक्तीची, कळत नाही. तिथं ‘कसा आहे?’ या प्रश्नाला पहिलं उत्तर ‘अल्हम्दुलिल्लाह’. बरा असला तरी तेच, वाईट असला तरी तेच; परिस्थिती कशीही असो, देवाचे आभार. त्यानंतर जे बोललं जातं त्यात बातमी असते, आणि पुष्कळदा त्यानंतर काही बोललंच जात नाही. चाचा ह्यात तरबेज होता. चाळीस वर्षं आखातात काढलेला माणूस आवाजाच्या पट्टीवरून ओळखतो, हा ‘अल्हम्दुलिल्लाह’ कुठला. तो वहिनीला सांगायचा, ‘आज डॉक्टर लांब अल्हम्दुलिल्लाह बोलला, ताई. लांब म्हणजे बरं.’ मला हे अंधश्रद्धेसारखं वाटायचं. पण व्हेंटिलेटरचा आधार पहिल्यांदा कमी केला त्या दिवशीची वहीतली नोंद अशी आहे : ‘लांब.’

फोटोचं प्रकरण मात्र गंभीर होतं. घरच्यांचा हट्ट सुरू झाला, एक फोटो पाठवा, नुसता चेहरा दिसू दे. चाचा टाळत राहिला. मंडळींना वाटू लागलं, दाखवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून पाठवत नाही. खरं कारण असं की सौदीच्या 2007 च्या सायबर गुन्हे कायद्यात कॅमेऱ्याच्या मोबाईलनं दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात घुसणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद आणि पाच लाख रियालपर्यंत दंड. अतिदक्षता विभागात फोन वर धरलेला कुणी पाहिला असता तर चाचाची नोकरी, इकामा आणि चाळीस वर्षं, सगळं गेलं असतं. इंटरनेटवरून बोलण्याचीही तेव्हा तिथं पंचाईत होती. व्हायबर 2013 मध्येच बंद केलेलं, व्हॉट्सॲपवर संदेश जात पण कॉल लागत नसे. इंटरनेट कॉलवरची बंदी सप्टेंबर 2017 मध्ये उठायला सुरुवात झाली. चाचा साधा फोन लावायचा आणि त्याचे पैसे कधी सांगायचा नाही.

चेहऱ्याची कमतरता सिस्टरनं भरून काढली. ती मल्याळी. आखातातल्या रुग्णालयांचा कणा केरळ आणि फिलिपिन्सच्या परिचारिकांवर उभा आहे हे आपण ऐकून असतो; त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. डॉक्टरांनी सांगितल्यापलीकडे प्रकृतीबद्दल एक अक्षर ती बोलायची नाही. पण चाचाला बाजूला घेऊन सांगायची : आज दाढी केली. आज कूस वळवताना कपाळाला आठी पडली. नखं कापली. चाचा हे वहिनीला सांगायचा आणि वहीत ‘ताप’ आणि ‘लघवी’च्या शेजारी ‘दाढी’ अशी नोंद पडायची.

जुबैलपासून काही तासांच्या अंतरावर, रियाधमध्ये, त्याच वेळी आणखी एक माणूस व्हेंटिलेटरवर होता, आणि त्याची बातमी अख्ख्या अरब जगाला होती. राजपुत्र अल-वलीद बिन खालिद बिन तलाल. 2005 मध्ये लंडनला लष्करी शिक्षण घेत असताना मोटार अपघातात मेंदूला मार बसला, वय पंधरा. तेव्हापासून तो बेशुद्ध. लोक त्याला ‘झोपलेला राजपुत्र’ म्हणू लागले. वडील राजपुत्र खालिद यांनी जीवरक्षक यंत्रणा काढायला ठाम नकार दिला. मृत्यू द्यायचा असता तर देवानं अपघातातच दिला असता, अशी त्यांची भूमिका. आणि बातमी त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली. ते आणि मुलाची आत्या राजकन्या रीमा वेळोवेळी खाटेवरचे फोटो आणि चित्रफिती प्रसिद्ध करत. 2020 मधल्या एका चित्रफितीत पाहुणीच्या आवाजाला प्रतिसाद म्हणून त्याची बोटं किंचित उचललेली दिसतात. ती लाखोंनी पाहिली. 19 जुलै 2025 रोजी, वीस वर्षांनी, तो गेला. तेही जगाला वडिलांकडूनच कळलं.

राजपुत्राच्या बापाला कॅमेरा चालतो आणि चाचाला चालत नाही, असा हिशेब मला मांडायचा नाही. बापाचा मुलगा होता, चाचाचा रूमपार्टनर. कायद्याच्या नजरेत चाचा कोणीच लागत नव्हता. मला त्या चित्रफितींत वेगळंच दिसतं. वीस वर्षं रोज ‘कालसारखंच’ असणाऱ्या माणसाची बातमी द्यायची तर काय देणार? बोट हललं ही बातमी. आपल्याकडं मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग 1973 पासून 2015 पर्यंत, बेचाळीस वर्षं, खाटेवर होत्या. त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिका त्यांना काय खायला आवडतं, कशानं त्या चिडतात, हे सांगत, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या दयामरणाची याचिका फेटाळताना त्या परिचारिकांचं म्हणणं महत्त्वाचं मानलं. नात्यानं त्याही कोणी लागत नव्हत्या.

यंत्रं कधी थांबवायची, यावर सौदीतला नियम खालिद यांच्या हट्टाच्या नेमका उलट आहे. तिथल्या स्थायी फतवा समितीनं 1988 मध्ये, फतवा क्रमांक 12086 मध्ये, म्हटलं की तीन जाणत्या, विश्वासू डॉक्टरांचं उपाय उरला नाही असं एकमत झालं तर पुनरुज्जीवनाचे प्रयत्न न करणं योग्य. नातेवाइकांचं मत त्यात धरायचं नाही, कारण तो त्यांचा विषय नव्हे. वाचताना कठोर वाटतं. पण तेराव्या दिवशी गळ्यातून श्वासनलिकेला छिद्र पाडण्याचा, ट्रेकिओस्टॉमीचा, प्रश्न आला आणि संमतीचा कागद मंदूबच्या फोनवरून माझ्या फोनवर आला, तेव्हा हा निर्णय दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्याचे पाय धरले असते. चिपळुणात तोवर ‘गळा कापणार’ अशी बातमी फिरली होती. व्हेंटिलेटर लांबला तर हे नेहमीचं आहे, उलट त्यानं सुटका सोपी होते, हे वहिनीला डॉक्टर मैत्रिणीनं सांगितलं. वहिनीनं सही केली, फोटो काढून पाठवला, आणि स्वयंपाकघरात जाऊन खोबरं किसत बसली. चार नारळ किसले. खायला घरात तिघं.

हज आणि उमऱ्याला गेलेल्यांच्या घरी ही पडवी दरवर्षी भरते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरहून म्हातारी माणसं जातात, आयुष्यभर साठवलेल्या पैशानं, मधुमेह आणि रक्तदाब सोबत घेऊन. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51 अंशांवर गेला. एकूण 1,301 मृत्यू झाल्याचं सौदीनं सांगितलं. भारताचे सुमारे पावणेदोन लाख यात्रेकरू होते, त्यांतले 98 दगावल्याचं परराष्ट्र मंत्रालयानं 21 जूनला जाहीर केलं. आजारी यात्रेकरूंसाठी भारताकडून डॉक्टर आणि परिचारिका तिथं पाठवल्या जातात, मक्केत भारतीय दवाखाने उघडतात, गंभीर रुग्ण सौदी रुग्णालयात हलवले जातात. आणि घरी बातमी येते ती बहुधा त्याच खोलीत उतरलेल्या शेजारणीकडून. एक गोष्ट मात्र मला त्या देशाची फार मोठी वाटते. मदिनेच्या रुग्णालयांत खिळलेल्या यात्रेकरूंना, प्रकृती झेपण्यासारखी असेल तर, रुग्णवाहिकांच्या ताफ्यातून अराफातच्या मैदानावर नेतात. सोबत डॉक्टर, प्राणवायू, अतिदक्षतेची सोय असलेल्या गाड्या. अराफातला थांबलं नाही तर हज होत नाही, म्हणून. ‘अम्मीचा हज झाला’ ही बातमी घरी पोचते तेव्हा अम्मी बऱ्या आहेत की नाहीत हे विचारायला लोक क्षणभर विसरतात.

आमच्याकडं विसरायची सोय नव्हती, लपवायची होती. दादाची आई, माझी मावशी, तेव्हा एक्क्याऐंशीची. तिला सांगायचं नाही असं पुरुष मंडळींनी ठरवलं. ‘दादा कामावर लांब गेलाय, फोन लागत नाही.’ साडेआठला टीव्हीचा आवाज वाढवायचा. सातव्या दिवशी मावशीनं टीव्ही स्वतः बंद केला आणि पडवीत येऊन वहिनीच्या समोर बसली. कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून साडेआठला दोघी असत.

सरकारदरबारी आम्ही ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकली होती. ते 2015 पासून चालू झालेलं. सुषमा स्वराज तेव्हा परराष्ट्रमंत्री होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात सौदीत हजारो भारतीय कामगार पगाराविना, जेवणाविना अडकले होते. त्यांच्यासाठी बाई ट्विटरवरून हलत होत्या. माझ्या भाच्यानंही एक ट्वीट केलं. जुबैल हा पूर्वेचा भाग रियाधच्या दूतावासाकडे येतो, जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाकडे नाही, एवढं कळायला आमचे तीन दिवस गेले होते. शेवटी दूतावासातून एका गृहस्थाचा फोन आला. त्यांनी औषधं विचारली नाहीत, सांत्वन केलं नाही. रुग्णालयातल्या सामाजिक विभागाच्या माणसाचं नाव आणि नंबर दिला आणि म्हणाले, रोज सकाळी अकरानंतर. इतकं कोरडं आणि इतकं कामाचं बोलणं त्या महिन्यात दुसऱ्या कुणी केलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी दादा वॉर्डात आला. नोव्हेंबरमध्ये, विमानातल्या सीट काढून बसवलेल्या स्ट्रेचरवर, एका परिचारकासोबत मुंबईला उतरला. उजवा हात गेलेला, बोलणं अर्धं.

गेल्या वर्षी माझ्यासमोर त्यानं ती वही मागितली. डाव्या हातानं पानं उलटत होता. त्या दिवसांतलं त्याला काही आठवत नाही. आठवतं ते वेगळंच, आपण बोटीवर आहोत आणि कोणी दोर सोडत नाही, असलं काहीतरी. ‘दाढी’ वाचून हसला. मग 14 ऑगस्टच्या पानावर थांबला. त्या दिवशी चाचाला अचानक एका शटडाउनच्या रात्रपाळीवर घातलं होतं आणि प्लँटच्या आत मोबाईल नेता येत नाही. पानावर प्रकृतीचं काहीच नाही. ‘फोन नाही’ असं लिहिलंय, आणि त्याखाली एकाखाली एक : 8.30. 8.40. 8.45. 9.00. 9.10. 9.15. 10.00. 11.00. 12.00. 2.20. 4.00.

त्यानं डाव्या हाताच्या बोटानं त्या वेळा वरून खाली मोजल्या. वहिनीकडं पाहिलं. ‘मग?’ एवढंच त्याला नीट म्हणता येतं.

‘मग काय,’ वहिनी म्हणाली, ‘पाच वाजता नळाला पाणी आलं. भरलं.’